परदेशात एटीएमचं शुल्क वाचवण्याचा आटापिटा करावा का?

हिशेबनीस

आठ दिवसांच्या प्रवासाहून परतलो आणि सगळ्यांची स्टेटमेंटं घेऊन बसलो. आम्ही चौघं होतो, खर्च थोड्याफार फरकाने सारखाच. पण पैसे हातात पडेपर्यंत कोणाचे शंभरातले दीड गेले होते, तर कोणाचे दहा. गंमत म्हणजे ज्याचे दहा गेले तोच आमच्यात सगळ्यात सावध. 'शुल्क नाही' अशी पाटी असलेलं एटीएम सापडेपर्यंत तो आम्हाला दोन-दोन चौक पायपीट करायला लावायचा.

म्हणून माझं मत मांडतो, झोडपायला मोकळीक आहे. पडद्यावर दिसणारं शुल्क टाळण्यात लोक नको इतकी शक्ती घालवतात. खरा घास विनिमय दर घेतो, आणि तो कुठेही 'शुल्क' म्हणून लिहिलेला नसतो.

पैसे चार ठिकाणी गळतात. समोरच्या एटीएमवाल्याचं शुल्क, आपल्या बँकेचं परदेशी एटीएम वापरल्याबद्दलचं शुल्क, आपल्या बँकेचा दरावरचा मार्कअप (मूळ दरावर बँक चढवते ते जादा टक्के), आणि चौथी गळती म्हणजे एटीएमचा तो साळसूद प्रश्न: 'तुमच्या स्वतःच्या चलनात रक्कम वळती करू का?' पहिल्या दोन ठरावीक रकमा असतात, त्यामुळे थोडेथोडे पैसे पाच वेळा काढण्याऐवजी एकदाच मोठी रक्कम काढली की त्यांचा भार उतरतो. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला दर खेपेला २२० बाट लागायचे. २,००० बाट काढणाऱ्याला ते ११ टक्के पडले, २०,००० काढणाऱ्याला १.१ टक्के. तेच यंत्र, तेच शुल्क. चौथ्या गळतीला मात्र हा उपाय चालत नाही. ती टक्क्यांत असते, रक्कम वाढली की तीही वाढते.

आमच्या सावध मित्राने प्रत्येक वेळी 'हो' दाबलं होतं.

थोडक्यात, डेबिट कार्ड, कमी खेपा, आणि पडद्यावर नेहमी तिथलंच चलन. बाकी सगळी धडपड चिल्लर आहे.

निवांत

स्टेटमेंटं तपासण्यात गेलेल्या वेळाचे पैसे कोणत्या दराने लावले? 😀

गंभीरपणे विचारतोय. माणूस सुट्टीवर जातो ते टक्के मोजायला का? वाचलेल्या रकमेत दोन कप कॉफी आली असेल.

रोखठोक

हिशेबनीस, तुमचा अख्खा हिशेब 'कार्ड चालणारच' या गृहीतकावर उभा आहे. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोन्ही कार्ड नेटवर्कनी (बँकांमधले कार्डाचे व्यवहार पोचवणाऱ्या कंपन्यांनी) रशियातलं काम थांबवलं, आणि बाहेरच्या बँकांची त्यांची कार्डं तिथे काही दिवसांत बंद पडली. तेव्हा तिथे असलेल्या प्रवाशाला मार्कअप किती टक्के याची चिंता नव्हती.

एवढं टोकाचं राहू द्या. माझं कार्ड एका एटीएमने रविवारी संध्याकाळी गिळलं. बँकेची शाखा बंद, हेल्पलाइनवर संगीत. खिशात घरून आणलेली रोकड होती म्हणून जेवलो. निघण्यापूर्वी चार ठिकाणी दर विचारून रोख घ्यावी. दर डोळ्यांसमोर ठरतो, नंतर कुठलीही लपलेली कपात नाही. शिवाय रोख मोजून खर्च होते, कार्डावर हात सैल सुटतो.

हिशेबनीस

@रोखठोक, 'लपलेली कपात नाही' हे पटत नाही. रोखीची कपात दरातच दडलेली असते. विमानतळावरचा 'कमिशन शून्य' असा फलक आठवा. समजा खाली लिहिलंय: आम्ही घेतो ९२, आम्ही देतो १०८. म्हणजे मधला दर १०० च्या आसपास, आणि एका बाजूला आठ टक्के त्यांच्या खिशात. कमिशन शून्य ठेवायला त्यांचं काय जातंय? उरलेली रोख परत विकली तर १०८ ला घेतलेली वस्तू ९२ ला देता, म्हणजे जवळपास १५ टक्के गेले. रोख नेणारे बहुतेक जण थोडी जास्तच नेतात, 'असू दे हाताशी' म्हणून. ती 'असू दे' फार महाग पडते.

कार्ड गिळण्याची भीती खरी आहे, ती मान्य. पण त्यावर उपाय दुसरं कार्ड, शक्यतो दुसऱ्या नेटवर्कचं, आणि पाकिटात न ठेवता बॅगेत वेगळ्या जागी. आणि एटीएम वापरायचं ते बँकेच्या शाखेला लागून असलेलं, शाखा उघडी असताना.

@निवांत, दोन कप नाही हो, दोघांचं चांगलं जेवण आलं असतं.

काउंटरपलीकडून

बरीच वर्षं एका बँकेच्या कार्ड विभागात होतो, म्हणून थोडं यंत्रामागचं सांगतो.

तुम्ही 'वळती करू नका' दाबता तेव्हा व्यवहार तिथल्या चलनातच कार्ड नेटवर्ककडे जातो. नेटवर्क रोजचा दर ठरवतं, आणि तो सहसा घाऊक बाजाराच्या बराच जवळ असतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळावर दर तपासायचा कॅल्क्युलेटर आहे, कोणीही बघू शकतो. त्यावर तुमची बँक आपला मार्कअप चढवते. काही बँका शून्य ठेवतात, काही तीन टक्के किंवा अधिकही घेतात. प्रवासाला निघण्यापूर्वी बँकेला विचारायचा एकच प्रश्न हा.

'हो' दाबलं की दर ठरवण्याचं काम नेटवर्ककडून एटीएमवाल्याकडे जातं. तो त्याला हवा तो दर लावतो. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हेच चालतं, आणि तिथे मिळणाऱ्या वरकमाईत दुकानदाराचाही वाटा असतो. म्हणून काही ठिकाणी विक्रेता तुम्हाला न विचारताच तुमचं चलन निवडून मोकळा होतो. पावतीवर दोन चलनं आणि मध्ये एक दर दिसला की समजायचं. सही किंवा पिन देण्याआधी 'रद्द करा आणि इथल्या चलनात करा' म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

एटीएमवर लोक घाबरतात ते त्या पडद्याच्या भाषेला. 'नाकारा' असं बटण दिसलं की वाटतं व्यवहारच रद्द होईल. होत नाही. फक्त रूपांतर रद्द होतं, नोटा येतातच. काही यंत्रं मुद्दाम दोनदा विचारतात, दुसऱ्या वेळी 'हमी दर' वगैरे शब्द मोठ्या अक्षरांत. हमी खरी असते, फक्त वाईट दराची.

युरोपीय संघाने याला लगाम घालायला २०१९ मध्ये नियम केला. एप्रिल २०२० पासून तिथल्या एटीएमने आणि दुकानांनी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा आपण किती टक्के वर आहोत ते पैसे घेण्याआधी दाखवायचं आहे. तेवढं तरी वाचत जा.

आळशी प्रवासी

मी प्रत्येक वेळी 'हो' दाबतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

कारण सांगतो. मी कामासाठी फिरतो. खर्चाचा तपशील कार्यालयात आपल्या चलनात द्यावा लागतो. पावतीवर आपल्याच चलनातला आकडा असला की हिशेब विभाग गप्प बसतो. नाहीतर कोणत्या तारखेचा दर, पावती आणि स्टेटमेंट जुळत का नाही, यावर तीन ईमेल. तुम्ही ज्याला लूट म्हणता त्याला मी सोयीचं शुल्क म्हणतो. दर वाईट आहे हे मला ठाऊक आहे, तरी मी ते विकत घेतो. निवांत म्हणतात तसं, सगळ्यांच्या वेळाची किंमत सारखी नसते.

निवांत

@आळशी प्रवासी +१. अखेर एक शहाणा भेटला.

रोखठोक

@आळशी प्रवासी, पैसे कार्यालयाचे आहेत म्हणून उदारता दिसतेय. 😀

मधला मार्ग

एवढ्या भांडणात फॉरेक्स कार्ड कोणालाच आठवलं नाही? घरूनच त्या चलनात पैसे भरून ठेवा, दर तेव्हाच ठरला. मार्कअप नाही, प्रश्न नाही. हरवलं तरी मूळ खातं सुरक्षित.

तळटीप वाचणारी

@मधला मार्ग, वापरलंय, म्हणून लिहिते. भरलेलं चलन आणि खर्चाचं चलन एक असेल तोवर झकास. मी एका चलनात भरलं आणि परतीच्या वाटेवर शेजारच्या देशात दोन दिवस उतरले. तिथे प्रत्येक व्यवहाराला चलन-बदलाचं वेगळं शुल्क. घरी आल्यावर थोडी रक्कम उरली, ती काढून घ्यायला शुल्क, आणि तशीच ठेवली तर काही महिन्यांनी 'वापर नाही' म्हणून शुल्क. आणि भरताना जो दर दिला तो मधल्या दराशी ताडून पाहिलात का? तिथेच बऱ्याचदा त्यांची कमाई झालेली असते.

अजून एक. हॉटेलात किंवा भाड्याच्या गाडीला अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवतात. प्रीपेड किंवा डेबिट कार्ड दिलं तर तुमचेच खरेखुरे पैसे कित्येक दिवस गोठतात. तिथे क्रेडिट कार्डच द्यावं.

मोबाइल अॅपवाल्या बहुचलनी खात्यांचा अनुभव चांगला आहे, पण त्यातल्या काहींचा दर शनिवार-रविवारी वाढतो. बाजार बंद असतो, म्हणून ते स्वतःसाठी थोडी जागा राखून ठेवतात. लागणारं चलन शुक्रवारीच बदलून ठेवलं की झालं. फुकट काढण्याला महिन्याची मर्यादाही असते, तीही बघायची.

नवखा

मग क्रेडिट कार्डानेच एटीएममधून काढले तर? माझ्या कार्डाला परदेशी मार्कअप शून्य आहे.

काउंटरपलीकडून

@नवखा, थांबा! मार्कअप शून्य असतो तो सहसा खरेदीवर. रोख काढली की ती उचल धरतात. तिला वेगळं शुल्क, आणि व्याज बहुधा काढल्या दिवसापासून. खरेदीला मिळते ती बिनव्याजी मुदत उचलीला नसते. दुकानात, हॉटेलात ते कार्ड खुशाल वापरा. एटीएमला डेबिट.

हिशेबनीस

@तळटीप वाचणारी, शुक्रवारचा मुद्दा मला माहीत नव्हता, वहीत घेतला. बहुचलनी खातं चिल्लर नाही हेही मान्य. मूळ धाग्यात घाईत लिहिलं.

@आळशी प्रवासी, तुमचा युक्तिवाद सगळ्यात प्रामाणिक आहे. पण एक शंका. 'हो' दाबल्यावर तुमच्या बँकेचा मार्कअप तरी वाचतो का? अनेक बँका व्यवहार परदेशात झाला म्हणून शुल्क लावतात, चलन आपलंच असलं तरी. तसं असेल तर तुम्ही वाईट दर घेताय आणि वर मार्कअपही भरताय. बघून सांगाल का?

रोखठोक

माझ्या मुद्द्याला कोणी हात लावला नाही हे नोंदवून ठेवतो. उतरल्या उतरल्या टॅक्सीला, बसला, स्वच्छतागृहाला सुटे लागतात तेव्हा तुमचं नेटवर्क काय करतं?

हिशेबनीस

तेवढ्यापुरती रोख न्यावी, त्याला माझा कधीच विरोध नव्हता. पहिल्या दिवसाची न्या. आठ दिवसांची नको.

रोखठोक

पहिल्या दोन दिवसांची. रविवार लक्षात ठेवा.

तळटीप वाचणारी

दीड दिवसावर मिटवा. 😀 पुढे प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी आहे. जपानमध्ये मला सेव्हन-इलेव्हनच्या दुकानातल्या एटीएमवर परदेशी कार्ड बिनधास्त चाललं, आणि छोट्या ठिकाणी रोख लागलीच. स्वीडनमध्ये उलट, नोट पुढे केली तर विक्रेता गोंधळला. रोख किती न्यायची हे जाण्याच्या ठिकाणावर ठरतं, आपल्या स्वभावावर नाही.

निवांत

स्वभावावरच ठरतं हो. तीन दिवस झाले, इथे कोणी मत बदललंय का?

आळशी प्रवासी

हिशेबनीस, पाहिलं. तुमची शंका खरी निघाली. गेल्या खेपेच्या सहा व्यवहारांत 'हो' दाबलं होतं आणि सहाही वेळा बँकेने परदेशी व्यवहाराचं शुल्क लावलंय, रक्कम आपल्याच चलनात आलेली असूनही. म्हणजे सोयीचे पैसे दोनदा भरले, आणि त्यातली एक सोय मी मागितलीच नव्हती. हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

आता हॉटेलच्या बिलाला तिथलंच चलन निवडीन. ती मोठी रक्कम, आणि तिच्यावर हिशेब विभागाचे ईमेल तसेही येतातच. टॅक्सीच्या पावतीला मात्र 'हो'च दाबणार. रात्री अकराला, सामान हातात घेऊन, मला पडद्याशी वाद घालायचा नाही.

काउंटरपलीकडून

@आळशी प्रवासी, शुल्क लावलंय ते बँकेच्या दरपत्रकात बसतं का तेवढं बघा. काही बँका आपल्या चलनातल्या व्यवहाराला कमी दर लावतात, आणि चुकून पूर्ण लावलेलं असेल तर लेखी मागितल्यावर परत देतात. सहा व्यवहारांसाठी एकच अर्ज चालतो.

आळशी प्रवासी

अर्ज! 😀 दरपत्रक उघडलंय. बेचाळीस पानं आहेत. निवांत, वाचता का माझ्या वतीने?