मदत हवी आहे : शुक्रवारचे कोशर डबे, २२ घरं, ४० माणसं, ठाणे ते कल्याण

पाटावरवंटा

शालोम मंडळी,

ठाणे, कळवा, डोंबिवली आणि कल्याण इथल्या आपल्या बेने इस्राएल (मराठी ज्यू) घरांपैकी ज्यांचं आता भागत नाही, त्यांना दर शुक्रवारी शब्बाथचं (शुक्रवार संध्याकाळी लागणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचं) कोशर, म्हणजे आपल्या ज्यू अन्ननियमांप्रमाणे केलेलं, जेवण फुकट पोचवायचं ठरतंय. एकूण २२ घरं. बहुतेक सत्तरीच्या पुढची, एकेकटी राहणारी माणसं, तीन घरांत लहान मुलं. पाच जणांकडे फ्रिज नाही.

स्वयंपाकासाठी एक लग्नाचा हॉल गुरुवार-शुक्रवार मिळतोय. मोठ्या शेगड्या दोन, पाणी भरपूर, भांडी हॉलची. आपले सहा जण आहेत, त्यात एक हजान (प्रार्थना चालवणारे), तेच शोहेतही (कोशर पद्धतीने कोंबडी कापणारे). हॉलचे दोन आचारी मदतीला येतील, ते ज्यू नाहीत. डबे रिक्षाने जातील, रिक्षावालेही आपले नाहीत.

बेत असा : नारळाच्या दुधातली कोंबडी, भात, चपात्या, किद्दुशसाठी (शब्बाथच्या जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी) काळ्या मनुकांचं सरबत आणि शनिवार दुपारसाठी काहीतरी. घरी चार-सहा माणसांचं कोशर सगळ्यांनाच येतं. ४० जणांचं करताना कुठे चुकतं ते सांगा. हॉलची भांडी चालतील का? कोंबडीचं रक्त काढण्याचं मीठ-पाणी एवढ्या मोठ्या प्रमाणावर कसं करायचं? रिक्षातून जाणाऱ्या डब्याचं काय? आणि नारळाचं दूध टिकेल का?

---

रोवळी

ताई, आधी भांड्यांचं. लग्नाच्या हॉलच्या टोपात काल दह्यातलं मटण शिजलं असेल, परवा आणखी काही. धातूचं भांडं शुद्ध करता येतं : घासून लख्ख करायचं, कडेच्या दुमडीतला आणि कानांच्या रिबिटांभोवतीचा काळा थर खरवडून काढायचा, २४ तास कोरडं ठेवायचं आणि मग काठोकाठ पाणी भरून खळखळ उकळवायचं. पाणी काठावरून बाहेर सांडलं पाहिजे. त्यासाठी उकळत्या पाण्यात एक तापवलेला दगड किंवा लोखंडाचा तुकडा सोडतात. पण हे दर आठवड्याला कोण करणार? आणि बुधवारी रात्री हॉलवर लग्न असलं तर २४ तास कुठून आणणार? म्हणून माझं स्पष्ट मत, चार वस्तू स्वतःच्या घ्या : दोन मोठे टोप, एक परात, एक तवा. डाव, झारा, सुरी, विळी त्यातच आली. एका पेटीत कुलूप लावून ठेवा. सगळं मटण-कोंबडीचं म्हणूनच ठेवा, दुधाचं काहीही त्यात कधी नको.

धातूची नवी भांडी दुकानातून आणली की वापरण्याआधी पाण्यात बुडवावी लागतात. समुद्र त्याला चालतो. लेबल आणि त्याखालचा डिंक पूर्ण निघाला पाहिजे, नाहीतर पाणी तिथे लागत नाही. भाड्याने आणलेल्या परक्या भांड्यांना ही बुडी लागत नाही, उकळण मात्र लागतंच. मातीची भांडी कशानेच शुद्ध होत नाहीत, ती घेऊच नका.

शेगड्यांची जाळी नुसती पुसू नका. रिकामी ठेवून मोठ्या आचेवर तापू द्या. किती वेळ ते हजानांनी बघून सांगावं.

आचाऱ्यांबद्दल : कांदा चिरणं, नारळ खवणं, भांडी उचलणं त्यांनी खुशाल करावं. शेगडी पेटवायची आपल्यापैकी कोणी आणि टोपही आपल्यापैकीच कोणी चढवायचा. मध्येच गॅस गेला की आचारी सवयीने लगेच पेटवतो. त्याला आधीच नीट समजावून सांगा, काडीपेटी आणि लायटर आपल्याकडेच ठेवा.

---

जाडं_मीठ

कोंबडीचं सांगतो, कारण चूक होते ती इथेच.

४० जणांना कापलेली, साफ केलेली ७ किलो कोंबडी पुरते, म्हणजे माणशी साधारण पावणेदोनशे ग्रॅम हाडासकट. गुरुवारी सकाळी हजानांनी कापावी. कापल्यावर पिसं काढायला गरम पाण्यात बुडवायची नाही. मीठ लावायच्या आधी गरम पाणी लागलं की आतलं रक्त तिथेच मुरतं आणि मग मिठाने ते निघत नाही. आपल्याकडे दुकानदार कोंबडी कातडीसकट सोलतात, ते आपल्या सोयीचं आहे. कोरडीच सोलून घ्या. हृदय आधीच चिरून त्यातलं रक्त काढा. कलेजी वेगळी काढा, ती मिठाने कोशर होत नाही, विस्तवावरच भाजावी लागते. ४० जणांच्या गडबडीत कलेजी वगळलेली बरी.

मग तुकडे करा. थंड पाण्यात अर्धा तास पूर्ण बुडवून ठेवा. बाहेर काढून पाच-सात मिनिटं निथळू द्या. निथळल्याशिवाय मीठ लावलं तर ते पाण्यासोबत वाहून जातं, आणि पार कोरडं होऊ दिलं तर चिकटत नाही. मीठ तांदळाच्या कणीएवढं हवं. बारीक मीठ लगेच विरघळतं, खड्याचं घरंगळतं. मिठागरावरचं जाडं मीठ आणून खलबत्त्यात एकदा दोनदा ठेचलं की बरोबर होतं. ७ किलोला दीड-दोन किलो मीठ धरा. प्रत्येक तुकड्याच्या सगळ्या बाजू, बरगडीच्या आतली बाजूसुद्धा, पांढरी दिसली पाहिजे.

तुकडे ठेवायचे ते बांबूच्या रोवळीत किंवा भोकाच्या चाळणीत, तीही उंचावर, खाली मोरी. सपाट परातीत ठेवले तर खालचे तुकडे स्वतःच्याच गुलाबी पाण्यात बसतात आणि सगळी मेहनत वाया. एक तास पूर्ण. मग नळाखाली चोळून, नंतर दोनदा स्वच्छ पाण्यात, असे तीन धुवे. बुडवायचं घमेलं आणि ही रोवळी दुसऱ्या कशाला वापरायची नाही.

कापल्यापासून ७२ तासांच्या आत मीठ लागलंच पाहिजे. गुरुवारी दुपारपर्यंत आटोपलं की रात्री फ्रिजमध्ये, शुक्रवारी सकाळी शिजवायला. रश्शात मीठ घालण्याआधी चव बघा. मांसात ते आलेलं असतं. ज्येष्ठांना रक्तदाब असतो, इथे हात आखडताच ठेवा.

---

पाटावरवंटा

@जाडं_मीठ दादा, रोवळी उंचावर ठेवायचं लक्षात आलं नव्हतं, आभार. नारळाच्या दुधाची पावडर वापरली तर चालेल का? वेळ वाचेल.

---

रोवळी

नको. नारळाच्या दुधाच्या बऱ्याच पावडरींत केसिनेट असतं, ते गाईच्या दुधातून येतं. मांसासोबत सरळ निषिद्ध. पाकिटावरच्या बारीक अक्षरात बघा. १० ते १२ नारळ खवून दूध काढा. आचारी असताना ते अर्ध्या तासाचं काम आहे. पातळ दुधात कोंबडी शिजवा, दाट दूध शेवटी घाला, त्यानंतर खळखळ उकळवू नका, फाटतं.

पावाचंही तेच. बेकरीच्या पावात दुधाची पावडर किंवा लोणी असू शकतं. चपात्याच बऱ्या. माणशी तीन धरल्या तर १२० चपात्या, पीठ साडेतीन ते चार किलो. एवढं पीठ एकत्र मळलं की हल्ला, म्हणजे पिठातला धार्मिक वाटा, काढावीच लागते. ऑलिव्हएवढा गोळा काढून जाळायचा. घरी थोडं पीठ मळताना याची गरज पडत नाही, म्हणून मोठ्या स्वयंपाकात नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. पीठ चाळूनच घ्या, पावसाळ्यात किडे असतात. प्रत्येक घराला निदान दोन अख्ख्या, न फाटलेल्या चपात्या वेगळ्या कागदात द्या, हमोत्सीसाठी, म्हणजे चपातीवर म्हणायच्या आशीर्वादासाठी.

फ्लॉवर जून ते सप्टेंबर घेऊच नका. कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुडवून तीनदा धुवा, दर वेळी पाण्याचा तळ बघा.

---

संध्याकाळचे_दिवे

टिकण्याचं आणि वेळेचं मी लिहिते.

ठाण्यात नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे शब्बाथचे दिवे लावायची वेळ ५ वाजून ४० मिनिटांच्या आसपास. जूनअखेर तीच सातच्या पुढेमागे. वेळापत्रक हिवाळ्याचं धरून आखा. शेवटचा डबा ३ ला पोचला पाहिजे, कारण वाटणाऱ्या आपल्या माणसांनाही आपापल्या घरी दिवे लावायचे आहेत.

नारळाच्या दुधातला रस्सा झाकण घट्ट लावून कोमट अवस्थेत तीन-चार तास राहिला की आंबतो. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर हवा किंवा ५ अंशांच्या खाली. मधली अवस्था धोक्याची, आणि रिक्षात तो नेमका तिथेच असतो. म्हणून ११ ला रस्सा उतरवा, वाफेचाच डब्यात भरा, १२ ला रिक्षा निघाल्या पाहिजेत. डबा मिळाल्याबरोबर फ्रिजमध्ये, आणि दिवे लावायच्या आधी एक चांगली उकळी. शब्बाथ लागल्यावर पातळ पदार्थ पुन्हा गरम करता येत नाही, तेव्हा ही उकळी राहून गेली तर एकट्या माणसाला गारच खावं लागतं. साडेचारला प्रत्येक घरी एक फोन करायला कोणाला तरी नेमा. हा फोन टाळू नका.

ज्या पाच घरांत फ्रिज नाही त्यांची रिक्षा वेगळी आणि सगळ्यात शेवटी. त्यांना नारळाचं दूध नको. आमसुलाचा किंवा चिंचेचा सुका रस्सा द्या. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच तो द्या.

भात ४ किलो तांदळाचा. शिजल्यावर टोपातच झाकून ठेवला की मधला भाग तासन्‌तास गरम राहतो आणि त्यातच जंतू वाढतात, ते नंतरच्या उकळीनेही पुरते निरुपद्रवी होत नाहीत. परातीत पसरा, वाफ जाऊ द्या, मग भरा.

शनिवार दुपारसाठी गार खाता येईल असंच : चपात्या, सुकी बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी. अंडी सालासकटच द्या, सोललेलं अंडं रात्रभर ठेवायचं नाही. तळलेली सुरमई किंवा रावस चालेल, पण वेगळ्या डबीत, मासा आणि मांस एकत्र नको. मासा विकत घेताना खवले अंगावर असताना बघून घ्या, मग कापायला सांगा. फ्रिज नसलेल्यांना मासा आणि अंडी दोन्ही नकोत.

सरबतासाठी दर लिटर पाण्याला पाव किलो काळ्या मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून घ्या. घरटी शंभर मिलिलिटर. मधुमेहींचा प्रश्न येईल, बाटलीवर तसं लिहा.

---

जाडं_मीठ

रिक्षाचं राहिलं. शिजलेलं मांस आपल्या नजरेआड परक्या माणसाच्या हाती जाणार असेल तर त्याला दोन मोहरा, म्हणजे सील, लागतात. डबीच्या झाकणावर कागदी पट्टी चिकटवून त्यावर सही, अर्धी पट्टीवर आणि अर्धी झाकणावर येईल अशी. ती डबी पिशवीत घालून पिशवीचं तोंड शिवा किंवा दुसरी पट्टी लावून त्यावरही सही. भात-चपातीला एक पुरते. पट्टी फाटलेली दिसली तर खायचं नाही, हजानांना फोन करायचा, हे घरोघर आधी सांगून ठेवा. आणि असा फोन आला तर तुमच्याकडे दोन डबे जास्तीचे तयार हवेत, त्यासाठी २४ घरांचं करा.

डब्या ॲल्युमिनियमच्या, कागदी झाकणाच्या घ्या. कडा दुमडून बंद करायच्या असतात. थरथरत्या हातांना त्या उघडताना रस्सा सांडतो, म्हणून एक कोपरा किंचित सैल ठेवून वर पट्टी लावा. स्टीलचे डबे परत येतात तेव्हा त्यात कोणी दूध ठेवलं होतं की नाही ते कळत नाही.

---

दिमोनाहून

इथून, इस्राएलमधून, एवढंच सांगते. इथे गरिबांच्या जेवणघराला बेत तमहुई म्हणतात. तमहुई हा मिश्नातला (जुन्या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथातला) शब्द, रोज गोळा होणाऱ्या अन्नाचा. कुप्पा म्हणजे दर शुक्रवारी वाटायचा आठवड्याचा निधी. मिश्नात हिशेबही दिला आहे : ज्याच्याकडे दोन वेळचं अन्न आहे त्याने तमहुईतून घेऊ नये, ज्याच्याकडे चौदा जेवणांपुरतं आहे त्याने कुप्प्यातून घेऊ नये. कुप्पा गोळा करायला दोघे, वाटायला तिघे. तुमचं काम कुप्प्याचं आहे, म्हणून यादी ठरवायला तीनच माणसं असू देत. ती यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. रिक्षावाल्याला फक्त पत्ता आणि क्रमांक द्या. डब्यासोबत फोटो काढायला कोणी मागितलं तर नाही म्हणा.

---

पाटावरवंटा

@दिमोनाहून मावशी, इथेच अडलोय. दोन आजी म्हणतात, ‘डबा आला की शेजारी विचारतात, आम्हाला नको.’ दोघींचंही घरात भागत नाही, हे माहीत आहे.

---

दिमोनाहून

मग त्या इमारतीत किंवा गल्लीत आपली जेवढी सत्तरीपुढची माणसं आहेत, सगळ्यांना द्या, ज्यांचं चांगलं चाललंय त्यांनाही. पिशवी सगळ्यांना सारखीच, साधी, वर काही छापलेलं नाही. ज्यांना परवडतं ते पुढच्या महिन्यात पाकिटात पैसे घालून परत करतील, आणि ते पाकीट कोणाचं ते तुम्ही विचारायचं नाही. पाच-सहा डबे वाढतील, पण त्या दोघी घेतील. आणि त्यांच्याकडे वाटायला अनोळखी मुलगा नको. त्यांच्याच वयाची एखादी बाई जाऊ दे, दोन मिनिटं बसू दे.

---

रोवळी

मावशींचं बरोबर आहे. मग ४० ऐवजी ४८ धरून प्रमाण वाढवा : कोंबडी साडेआठ किलो, तांदूळ पाच, पीठ पाच, नारळ १४. दोन शेगड्यांवर हे बसतं, फक्त चपात्यांना तवा एकच असेल तर १४४ चपात्यांना तीन तासांच्या वर जातील. दुसरा तवा घ्या आणि शुक्रवारी पहाटे सहाला सुरू करा.

पहिले दोन शुक्रवार ठाण्यातल्याच आठ घरांना द्या. कल्याण तिसऱ्या आठवड्यापासून.

आणि पेसाह (वल्हांडण सण) जवळ आला की नवा धागा काढा, ते वेगळं प्रकरण आहे. तोवर एक लक्षात असू दे : डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, ते पेसाहला हामेत्स, म्हणजे वर्ज्य. तयार मसाल्यांतही हाच हिंग असू शकतो. आपण पेसाहला तांदूळ खातो, पण निवडताना तीनदा बघून, कारण बाजारातल्या पोत्यात गव्हाचा दाणा सापडतो. टोप, तवा, परात तेव्हा दुसरे लागतील, आत्तापासूनच त्यासाठी पैसे बाजूला काढत चला.