मदत हवी आहे: तुर्की 'सोकाक' अरबी 'शारिअ'वरून आला का?

जुळारी: एका वाक्यावर अडलोय. लेखक म्हणतात, 'सोकाक हा अरबी शारिअचाच अपभ्रंश.' मला पटत नाही. लेखक फोन उचलत नाहीत आणि पुस्तकाचा फॉर्म (एकत्र छापायची पानं) सकाळी छपाईला जायचाय. पटकन सांगा कोणीतरी.

आडवाट: सोकाक म्हणजे काय पण?

जुळारी: रस्ता हो! इस्तंबूलचं प्रवासवर्णन आहे.

शारजावाले: शारजात १४ वर्षं काढली. तिथे रस्त्याला शारिअच म्हणतात, पाट्यांवरही तेच. शारजा हे नावसुद्धा त्यावरूनच पडलं.

फारसीची_वही: नाही हो शारजावाले. शारजाचं अरबी नाव 'अश-शारिका', त्यात काफ हे अक्षर आहे, धातू पूर्व दिशेचा, मशरिक (पूर्व) त्यातलाच. शारिअमध्ये शेवटी ऐन हे अक्षर. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे शरियत.
जुळारी, तुमचा संशय बरोबर आहे. सोकाक आला अरबी 'झुकाक'वरून, म्हणजे गल्ली, बोळ. तुर्कांबरोबर तो बाल्कनात शिरला. बोस्नियात सोकाक, ग्रीकमध्ये सोकाकी. मोठ्या रस्त्याला तुर्कीत 'जाद्दे', तोही अरबीच.

शारजावाले: असेल. आम्हाला ड्रायव्हरने सांगितलं होतं. पण दुबईत गल्लीला सिक्का म्हणतात, हे तरी खरं ना?

फारसीची_वही: अगदी खरं. नाणं पाडायचा ठसा, तोही सिक्का. आपला शिक्का तिथलाच.

शुद्धमराठी: कशाला एवढी उठाठेव? 'रस्ता'सुद्धा फारसीच आहे. सरळ 'मार्ग' लिहा.

जुळारी: मार्ग कुठे लिहू? वाक्य तुर्कीबद्दल आहे!!

निवृत्त_ओव्हरसियर: नाव काहीही द्या, खाली खडी नीट दाबली नाही तर पहिल्या पावसात डांबर उखडणारच.

आडवाट: काका, तुमचा वेगळा धागा आहे ना त्यावर? खरी गंमत कुराणातल्या 'सिरात'ची, म्हणजे वाटेची. लॅटिन 'स्ट्राटा' ग्रीक आणि अरामीतून फिरत अरबीत आला. म्हणजे इंग्रजीतला स्ट्रीट त्याचा चुलत भाऊ.

जुळारी: बरं, झुकाक केलं. आता पुढच्या पानावर 'त्रिक' आहे, तोही तुर्की म्हणून दिलाय. माल्टातला.

फारसीची_वही: माल्टा? हे आत्ता सांगताय? माल्टी ही अरबीचीच लेक, तुर्कीचा काही संबंध नाही. त्रिक म्हणजे 'तरीक', वाट. लिहितात त्रिक, पण शेवटचा क गळ्यातच अडकवतात. आणि बोळाला तिथे 'स्काक', म्हणजे पुन्हा तुमचा झुकाकच.

जुळारी: मेलो. अजून १६ पानं आहेत.

आडवाट: टाका इथेच. पण या वेळी गावाचं नाव आधी.