पॅडी शिवलकरांना एकही कसोटी नाही: दोष बेदींच्या काळाचा की निवड समितीचा?

गुडलेंग्थ (धागाकर्ता):
३ मार्च २०२५ रोजी मुंबईचे डावखुरे फिरकीपटू पद्माकर (पॅडी) शिवलकर गेले, तेव्हा जिकडेतिकडे एकच वाक्य वाचायला मिळालं: 'बेदींच्या काळात जन्मले, दुर्दैव.' म्हणजे भारताकडून तेव्हा डावखुरे फिरकीपटू बिशनसिंग बेदी खेळत होते, म्हणून यांना जागा नव्हती. मला हे पटत नाही. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९. एवढं करूनही एक कसोटी नशिबी नाही, याला दुर्दैव म्हटलं की निवड समिती आपोआप सुटते. मी म्हणेन, त्यांना डावललं.

१९७२-७३ चा रणजी अंतिम सामना आठवा. चेन्नईत चेपॉकच्या फिरकीच्या आखाड्यावर तमिळनाडू ८० आणि ६१ मध्ये गारद. पॅडींचे पहिल्या डावात १६ धावांत ८, दुसऱ्यात १८ धावांत ५. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूला खेळ खलास. मुंबईचं ते सलग पंधरावं विजेतेपद. त्यानंतरही कसोटीच्या अकरात एकदाही नाव येऊ नये?

थर्डमॅन:
असहमत. भावना समजते, पण कोणाला काढून त्यांना घ्यायचं होतं तेवढं सांगा. बेदींनी ६७ कसोटींत २६६ बळी घेतले. बरोबर प्रसन्ना, चंद्रशेखर (चंद्रा), व्यंकट हे फिरकीपटू. या चौघांनासुद्धा एकत्र खेळवणं अवघड जायचं, तिथे दुसरा डावखुरा फिरकीपटू कुठे बसवणार? आणि चेपॉकच्या त्या सामन्यात चेंडू हातभर वळत होता, मुंबईचे डावही १५१ आणि ११३ चेच होते. तो एक सामना पुरावा म्हणून पुरत नाही.

गुडलेंग्थ:
तो एक सामना सोडून द्या. बेदींची प्रथम श्रेणी सरासरी २१.६९ आहे, पॅडींची त्याहून कमी.

थर्डमॅन:
ही तुलना अन्यायाची आहे. बेदींच्या १,५६० बळींत कसोटी सामने आहेत, नॉर्दम्प्टनशायरकडून इंग्लंडच्या थंडीत टाकलेली षटकं आहेत. पॅडींची बहुतेक गोलंदाजी आपल्याकडच्या खेळपट्ट्यांवर, आणि पाठीशी मुंबईची भक्कम फलंदाजी. धावांचं ओझं नसलेला गोलंदाज चेंडूला उंची देऊ शकतो.

सिलीपॉइंट:
पाठीशी धावा होत्या म्हणून बळी मिळाले, हे ऐकवत नाही हो. मग दुसरे डावखुरे फिरकीपटू राजिंदर गोयल यांचं काय? ते पतियाळा, दिल्ली, हरियाणाकडून खेळले, मुंबईसारखी फलंदाजी कधीच पाठीशी नव्हती. तरी ७५० बळी, त्यांतले ६३७ रणजीत. त्यांनाही कसोटी नाहीच.

मुळात खरा प्रश्न नोव्हेंबर १९७४ चा. वेस्ट इंडीजविरुद्ध बंगळूर कसोटीतून बेदींना शिस्तभंगावरून वगळलं. म्हणजे बेदी नावाची अडचण दूर झाली होती. संघात गोयलना बोलावलं आणि बसवून ठेवलं. खेळले प्रसन्ना, व्यंकट, चंद्रा. आपण २६७ धावांनी हरलो. जागा रिकामी असतानाही या दोघांपैकी एकाला मिळाली नाही, मग बेदींकडे बोट का दाखवायचं?

थर्डमॅन:
बंगळूरचा मुद्दा मान्य. गोयलना खेळवायला हवं होतं. पण त्यातून पॅडींवरचा अन्याय सिद्ध होत नाही, कारण रांगेत तेव्हा गोयल पुढे होते. शिवाय दुसऱ्या डावखुऱ्या फिरकीपटूकडून त्या काळी धावांचीही अपेक्षा असे. १९७१ ला वेस्ट इंडीजला फलंदाजीही करणारे डावखुरे फिरकीपटू सलीम दुराणी गेले ते उगाच नव्हे. पोर्ट ऑफ स्पेनला लॉइड आणि सोबर्स त्यांनीच काढले. पॅडींच्या फलंदाजीचा भरवसा कोणी धरला असता?

गुडलेंग्थ:
फलंदाजीचा निकष चंद्राला लावला का कधी? सामने जिंकून देतो म्हणून त्याला घेतलं, आणि योग्यच केलं. पॅडींनाही तोच न्याय हवा होता.

बेदी १९७९ ला थांबले, तेव्हा पॅडी एकोणचाळिशीत होते. दिलीप दोशींना एकतिसाव्या वर्षी संधी मिळाली आणि त्यांनी ३३ कसोटींत ११४ बळी घेतले. उशिरा आलेला डावखुरा फिरकीपटू काय करू शकतो, ते तेव्हा दिसलं. फक्त पॅडींसाठी तोवर फारच उशीर झाला होता.

सिलीपॉइंट:
आणि तरीही ते १९८७-८८ मध्ये मुंबईसाठी पुन्हा मैदानात उतरले, सत्तेचाळिसाव्या वर्षी. बोर्डाने गोयल आणि पॅडींना सी. के. नायडू जीवनगौरव दिला तो २०१७ मध्ये. मला त्या पुरस्काराचा आनंद झाला, पण कसोटीची टोपी त्याने भरून निघत नाही.

थर्डमॅन:
टोपी मिळायला हवी होती असं मलाही वाटतं. पण बेदींच्या जागी नाही. मायदेशातल्या एखाद्या आखाड्यावर, बेदींच्या जोडीला, चंद्रा किंवा व्यंकटला विश्रांती देऊन. माझी हरकत फक्त 'डावललं' या शब्दाला आहे, आणि ती कायम आहे.