कोपनहेगनचा स्ट्रॉयेट रस्ता: वाहने बंद होण्यापूर्वीचा इतिहास

पेठेतला वाचक यांचा प्रश्न

नमस्कार. लक्ष्मी रस्ता वाहनमुक्त करावा का, हा विषय पुण्यात निघाला की कोणीतरी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथल्या स्ट्रॉयेट या वाहनमुक्त रस्त्याचा दाखला देतो. ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला जातो, तेव्हा तर हे नाव हमखास कानावर येते. मात्र स्ट्रॉयेटची गोष्ट सगळेजण तिथे वाहने बंद झाली त्या १९६२ पासूनच सांगतात, जणू त्याआधी तिथे काही नव्हतेच. आमच्या अभ्यासगटात मला या रस्त्यावर बोलायचे आहे. तो मुळात कसा घडला, त्यावर जुने असे काय उरले आहे आणि वाहनबंदीचा निर्णय कोणत्या परिस्थितीत झाला, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुनी वेस यांचे उत्तर

आपण प्रश्न योग्य ठिकाणाहून सुरू केला आहे. स्ट्रॉयेट हे एका सलग वाटेचे रूढ झालेले नाव असून तिच्यात अनेक रस्ते आणि चौक येतात. पश्चिमेला नगरपालिकेसमोरच्या चौकातून निघाले की फ्रेडरिक्सबर्गगाडे, मग गामेलटॉर्व आणि न्यूटॉर्व हे जोडचौक, पुढे न्यूगाडे, विमेलस्काफ्टेट, आमागरटॉर्व आणि शेवटी ओस्टरगाडे, असे करत आपण सुमारे १.१ किलोमीटर चालून कोंगेन्स न्यूटॉर्व या चौकात पोहोचतो. आपल्याकडे पेठ बदलली की रस्त्याचे वळण आणि घरांची ठेवण बदलते, तसाच फरक इथेही तुकड्यातुकड्यांत दिसतो, कारण प्रत्येक तुकड्याचे वय वेगळे आहे.

यातला सर्वांत जुना चौक गामेलटॉर्व. राजा चौथा ख्रिश्चन याने १६०८ मध्ये तिथे कारितास हे कारंजे उभारले. त्याआधीही त्या जागी कारंजे होते आणि शहराबाहेरच्या एम्डरुप तलावाचे पाणी केवळ उताराच्या जोरावर तिथवर आणलेले होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पेठांतल्या हौदांत पाणी आले ते याच तत्त्वावर, त्यामुळे पुणेकर श्रोत्यांना ही गोष्ट चटकन उमजेल. राजघराण्यातील वाढदिवसांना या कारंज्याच्या धारांवर सोनेरी सफरचंदे नाचवण्याची प्रथा आहे.

आमागरटॉर्व हा बाजाराचा चौक. सोळाव्या शतकात दुसऱ्या ख्रिश्चनने नेदरलँड्समधून शेतकरी आणून शेजारच्या आमागर बेटावर वसवले, आणि बेटावरची भाजी विकायला शेतकरी याच चौकात येत. तिथले १६१६ मधील विटांचे घर मात्र आपल्या व्याख्यानात आवर्जून दाखवा. १७२८ आणि १७९५ च्या दोन्ही महाभयंकर आगींतून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी ते एक आहे, आणि त्याचा उंच नक्षीदार दर्शनी भाग पाहिला की आगीपूर्वीच्या शहराची थोडी कल्पना येते.

याउलट पश्चिमेचा फ्रेडरिक्सबर्गगाडे १७२८ च्या आगीनंतरच आखला गेला. ही आग पश्चिमेकडच्या वेशीजवळ लागली, तीन दिवस धुमसली आणि तिने शहराचा चतुर्थांशाहून अधिक भाग गिळला. रिकाम्या झालेल्या जागेतून नवा सरळ रस्ता काढणे तेव्हा शक्य झाले. पुढे १८५०च्या दशकात वेस पाडली गेली आणि रस्त्याचे पश्चिमेकडचे तोंड मोकळे झाले.

नगररचना विद्यार्थिनी यांचे उत्तर

वरील माहितीत एका बारकाव्याची भर घालते. छायाचित्रे दाखवणार असाल, तर कोपऱ्यावरच्या इमारतींकडे श्रोत्यांचे लक्ष वेधा. जुन्या कोपनहेगनमध्ये चौरस्त्यावरच्या अनेक घरांचा कोपरा काटकोनात न येता तिरका छाटलेला असतो, आणि त्या तिरक्या भिंतीतही खिडक्या किंवा दुकानाचे दार असते. ती केवळ सजावट नाही. १७९५ च्या जूनमध्ये नौदलाच्या गोदीजवळ आग लागली आणि वाऱ्याबरोबर ती शहरभर पसरली. त्यानंतर पीटर मेन आणि रावर्ट या वास्तुरचनाकारांनी केलेल्या आराखड्यात कोपरे असे छाटण्याची सक्ती झाली, कारण आग विझवणाऱ्यांच्या लांब शिड्या असलेल्या गाड्या अरुंद वळणांवर अडकत असत. याच आगीत गामेलटॉर्व आणि न्यूटॉर्व यांच्यामधले नगरगृह जळाले. ते त्या जागी पुन्हा बांधले नाही, म्हणूनच आज हे दोन चौक एकमेकांत मिसळलेले दिसतात.

पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पेठा कशा बदलल्या, हे ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना संकटानंतर रस्ता नव्याने कसा आखला जातो हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

रोजचा पादचारी यांचे उत्तर

वाहनबंदीविषयी सांगतो. १९५०च्या दशकात हा रस्ता मोटारींनी गजबजलेला होता आणि चालणाऱ्यांना दोन्ही बाजूंच्या चिंचोळ्या पदपथांवर दाटीवाटीने जावे लागे. नाताळच्या खरेदीच्या दिवसांत तो थोडा काळ वाहनांसाठी बंद करण्याची पद्धत होती. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी तो बंद झाला तेव्हा निर्णय प्रायोगिक असल्याचेच जाहीर झाले होते, आणि १९६४ मध्ये तो कायम करण्यात आला. या निर्णयामागे उभे राहिलेले शहराचे एक महापौर आल्फ्रेड वासार्ड यांना कडवा विरोध सहन करावा लागला. गाड्या गेल्या तर गिऱ्हाईकही जाईल, अशी दुकानदारांची धास्ती होती, आणि थंड हवेच्या देशात लोक उघड्यावर रेंगाळणार नाहीत, असेही म्हटले जाई. हे दोन्ही अंदाज खोटे ठरले.

मला त्यापुढचा काळ अधिक महत्त्वाचा वाटतो. वास्तुरचनाकार यान गेल यांनी १९६०च्या दशकापासून या भागात लोक कुठे चालतात, कुठे थांबतात, कुठे बसतात याच्या प्रत्यक्ष नोंदी घेतल्या. १९६२ मध्ये शहराच्या मध्यभागी वाहनमुक्त जागा सुमारे १५,८०० चौरस मीटर होती. १९९६ पर्यंत ती सुमारे ९६,००० चौरस मीटर झाली. त्याच काळात गाड्या उभ्या करण्याच्या जागा दरवर्षी थोड्याथोड्या कमी केल्या गेल्या, त्यामुळे लोकांना आपल्या सवयी बदलायला उसंत मिळाली.

पेठेतला वाचक यांचा प्रतिप्रश्न

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. या बदलात रस्त्याने काही गमावले का?

जुनी वेस यांचे उत्तर

होय, आणि व्याख्यानात हे अवश्य सांगावे. आज स्ट्रॉयेटवर जगभर शाखा असलेली कपड्यांची दुकाने आणि पर्यटकांसाठीच्या भेटवस्तूंची दुकाने यांचीच गर्दी आहे. लक्ष्मी रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सराफी आणि साड्यांची दुकाने आहेत, तुळशीबाग अगदी लागून आहे. त्यामुळे स्ट्रॉयेटचा दाखला देताना आपल्याकडे भाड्याच्या गाळ्यांतले छोटे व्यापारी कसे टिकतील, हा प्रश्न सुरुवातीलाच मांडायला हवा. चित्रफितीत स्ट्रॉयेटशी समांतर जाणारी कोम्पानीस्ट्रेडे आणि लेडरस्ट्रेडे या गल्ल्यांची जोडवाटही दाखवा. तिथे पादचाऱ्यांना प्राधान्य आहे, पण मोटारींना पूर्ण बंदी नाही, आणि आपल्या पेठांतल्या बोळांसाठी मला तोच नमुना अधिक जवळचा वाटतो.