हट्ट एकट्या डॉक्टरांचा नव्हता
मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संपात कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या हट्टापायी गिरण्या आणि युनियन दोन्ही बुडाल्या, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा पगारवाढीइतकीच महत्त्वाची मागणी होती १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करण्याची. त्या कायद्यामुळे वाटाघाटीचा हक्क एकट्या काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. कामगार कोणाच्या मागे आहेत, हे गुप्त मतदानाने ठरतच नव्हतं. सरकारने ही मागणी शेवटपर्यंत मानली नाही.

त्याआधीच लाल बावट्याचं, म्हणजे कम्युनिस्टांच्या युनियनचं, कंबरडं मोडलं होतं. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि तिथली पोटनिवडणूक शिवसेनेने जिंकली.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर, होते. संपात गावाहून एसटीच्या टपावर तांदळाचं पोतं यायचं. आई ते सोडलं की आधी शेजारच्या खोलीत मापटंभर पाठवायची, मग आमची चूल. ही माणसं कुणाच्या नादाला लागून वर्षभर उपाशी राहिली नव्हती. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. पुढे २००१ मध्ये सरकारने गिरण्यांच्या जमिनींचा नियम बदलला, आणि घरांसाठी व मैदानांसाठी मिळायची ती जमीनही आटली.