टर्बो इंजिनला व्हॉल्व्ह स्प्रिंग कुठल्या घ्यायच्या? (लिनिया टी-जेट)

चिपळूण_टीजेट:
नमस्कार मंडळी. गाडी लिनिया टी-जेट, 1.4 टर्बो पेट्रोल. टर्बो मोठा बसवलाय, बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) 1.2 बारपर्यंत जातो, कॅम कंपनीचेच. कुंभार्ली घाटात सेकंड-थर्डला ताणली की 6000 च्या वर अडखळते आणि पॉवर तिथेच बसते, बूस्ट कमी केला की तेच इंजिन वरपर्यंत सुरळीत फिरतं. गॅरेजवाले म्हणतात व्हॉल्व्ह फ्लोट आहे (स्प्रिंग कमी पडून व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही), मिळतील तेवढ्या कडक ड्युअल (एकात एक अशा दोन) स्प्रिंग मागवा. कडक म्हणजे नेमक्या किती? आणि आहेत त्याच स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) टाकून भागेल का?

कुडाळचा_पप्या:
भावा हेड खोलायच्या आधी प्लग बघ. बूस्ट वाढला की मोठ्या गॅपमध्ये ठिणगी टिकत नाही आणि गाडी अशीच अडखळते. गॅप 0.6-0.7 मिमी करून बघ. प्लगचा त्रास बहुतेक जिथे टॉर्क सगळ्यात जास्त तिथे, म्हणजे मधल्या आरपीएमलाच सुरू होतो, फ्लोट मात्र दर वेळी वरच्या त्याच आरपीएमला येणार, गिअर कुठलाही असो. फ्युएल प्रेशरचा लॉग (चालत्या गाडीतली नोंद) पण काढ.

देवरुख_हेडवर्क:
पप्या बरोबर बोलतोय, आधी ते. तरी फ्लोटच निघाला तर ब्रँड नंतर, आकडे आधी. टर्बोत इनटेकचा बूस्ट व्हॉल्व्हच्या पाठीवर दाबतो, म्हणजे स्प्रिंग ज्याला बंद ठेवतेय त्यालाच उघडायला बघतो. समजा व्हॉल्व्हचं डोकं 28 मिमी, क्षेत्रफळ साधारण 6.2 चौरस सेंमी, 1.2 बारला साडेसात किलो झाले. तेवढे सीटवरच्या दाबातून (बंद व्हॉल्व्हला स्प्रिंग जेवढी दाबून धरते त्यातून) वजा, म्हणून बूस्ट कमी केला की तुमची गाडी सुधारते. एक्झॉस्ट कुणी मोजतच नाही, पण टर्बाइनच्या आधीचं प्रेशर बूस्टच्या दीडपट-दुप्पट सहज असतं, तो व्हॉल्व्ह पण तसाच ढकलला जातो.

म्हणून जेवढा दाब खाल्ला जातो तेवढा भरून निघेल आणि वर थोडा हात राहील, एवढीच कडक घ्या. कॅम कंपनीचे आणि आरपीएम पण फार वाढवायचा नाही, मग सगळ्यात कडक ड्युअल कशाला? तो जास्तीचा भार कॅमच्या लोबवर, टॅपेटवर, टायमिंग बेल्टवर रोज पडणार. चांगली सिंगल किंवा बीहाइव्ह (वर निमुळती होत जाणारी) पुरेल असं माझं मत, बीहाइव्हचा रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) लहान आणि हलका असतो, हलणारं वजन कमी म्हणजे स्प्रिंगचं काम पण कमी.

शिमचं म्हणाल तर सीटचा दाब वाढतो पण जागा जाते. बसवलेली उंची 35, पूर्ण दाबलेली 24, लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडतो तेवढं अंतर) 9, म्हणजे 2 मिमी शिल्लक (आकडे समजण्यापुरते, तुमचे मोजा). 1 मिमी शिम टाकली की 1 उरला, त्याच्या खाली जाऊ नका, कॉइल एकमेकांना भिडल्या तर काहीतरी तुटणारच. रिटेनर सीलवर आपटत नाही ना तेही बघायचं.

रत्नागिरी_७७:
जुन्या स्प्रिंग आधी टेस्टरवर लावा, बसवलेल्या उंचीला किती किलो आणि पूर्ण लिफ्टला किती, सोळाच्या सोळा. एखादी ढिली पडलेली असेल तर तिथेच कळेल. आपल्याकडे टेस्टर नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी करा. आणि नव्या स्प्रिंग आल्या की पावसाळ्यात फळीवर उघड्या ठेवू नका, ऑइल लावून पिशवीत बंद. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने गंजाचा बारीक खड्डा पडला तरी स्प्रिंग तिथूनच तुटते.

चिपळूण_टीजेट:
मनापासून आभार. प्लगचा गॅप आणि लॉग आधी बघतो, हेड काढायची वेळ आलीच तर सोळाही स्प्रिंगचे किलो आणि उंची इथेच टाकतो. देवरुखकर दादा, एक्झॉस्टचं प्रेशर मोजायला मॅनिफोल्डला कुठे नळी घ्यायची तेवढं सांगा.

देवरुख_हेडवर्क:
टर्बाइनच्या फ्लँजच्या आधी, रनर (प्रत्येक सिलिंडरकडून येणारे पाइप) जिथे एकत्र येतात तिथे. पहिली हातभर नळी स्टीलची किंवा तांब्याची घ्या, गेज त्याच्या पुढे, नाहीतर उष्णतेने गेज जाईल.