उन्हाळ्यासाठी घरच्या घरी काय काय केलंत? (अनुभव धागा)

होळी झाली की माझं शिवणयंत्र कपाटावरून खाली येतं. जुनं पातळ, म्हणजे साडी, वर्षानुवर्षं धुऊन इतकं मऊ झालेलं असतं की घामाच्या अंगालाही टोचत नाही. नव्या कापडात हे सुख नाही. म्हणून माझे घरातले गाऊन आणि लेकीचे फ्रॉक सगळे आईच्या पातळांचे.

कापण्याआधी पातळ खिडकीत उजेडासमोर धरा. विरलेला भाग जाळीसारखा दिसतो, बहुतेकदा बसायच्या जागी आणि खालच्या काठाशी. आजीच्या वेळी बायका तेवढाच भाग काढून टाकायच्या, उरलेले दोन तुकडे जोडायच्या आणि दंड घातलेलं ते लुगडं पुढे वापरायच्या. मी दंड घालत नाही, पण कात्री लावायची जागा तशीच शोधते. विरल्या कापडावर टीप मारली की सुईच्या भोकांतूनच ते फाटत जातं, त्यामुळे माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) नेहमीपेक्षा दुप्पट ठेवायची आणि टाका लांब घ्यायचा. धडका काठ बाह्यांना आणि घेराला लावला की तुरपाईही वाचते.

आता तुमचं सांगा. कपडे, केस, त्वचा, काहीही चालेल. फसलेलं तर नक्की सांगा.

नागपूरहून

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. गाडीवर जाताना दुपट्टा तर असतोच, पण हातांची पाठ करपते. मी जुन्या सुती लेगिंगचे पाय गुडघ्याखाली कापले, शिवणीत अंगठ्यापुरती फट उसवली आणि कडेने काजाचा टाका घातला. अर्ध्या तासात हातमोजे तयार. पांढऱ्या लेगिंगचे केले, ते काळ्यांपेक्षा कमी तापतात. मे महिनाभर तळपायांना मेंदीही लावते. मात्र साधी पानांचीच, वाटलेली. झटपट काळा रंग देणारे कोन घेऊ नका. त्यातल्या रसायनाने माझ्या बहिणीच्या हाताला नक्षीबरहुकूम फोड आले होते.

नाशिकहून

कांद्याच्या गावात राहून सालं फेकायची जिवावर येतं. मागच्या वर्षी शेजारच्या खानावळीतून पिशवीभर आणली आणि पांढरी मलमलची ओढणी रंगवली.

कापड २०० ग्रॅम असेल तर वाळलेली सालं १०० ग्रॅम लागतात. ओढणी आधी धुऊन खळ काढली. ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून तासभर त्यात बुडवून ठेवली. तुरटी नसेल तर रंग फिका येतो आणि फारसा टिकत नाही. मग ओल्या ओढणीत तुरीचे दाणे एकेक चिमटीत धरून दोऱ्याने आवळून बांधले, बांधणीला बांधतात तसे. सालं पाऊण तास उकळून गाळली आणि त्या तांबूस पाण्यात मंद आचेवर ओढणी आणखी पाऊण तास ठेवली. काढली तेव्हा गडद दिसली, वाळल्यावर पिकल्या आंब्याचा रंग आला. दोरे सोडताना एकेका दाण्याभोवती पांढरं कडं उमटत गेलं, आणि सासूबाई नि मी दोघी अंगणात बसून शेवटच्या गाठीपर्यंत उठलो नाही.

सावलीत वाळवा. भांडं ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडी नको, स्टीलचं घ्या. लोखंडाने रंग शेवाळी होतो. (मुद्दाम हवा असेल तर दोन गंजके खिळे टाका, छान दिसतो.) पॉलिएस्टरला हा रंग चढत नाही.

छत्रपती संभाजीनगरहून, कॉलेजात आहे

मी हळदीने कुर्ता रंगवला होता. पहिल्या दिवशी सुंदर पिवळा. साबण लागला तिथे लाल डाग पडले आणि चार वेळा उन्हात वाळवल्यावर रंगच उडाला. आता कांद्याची सालं जमवायला घेतली आहेत.

ठाण्याहून

कळकळीने सांगते, लिंबू लावून उन्हात जाऊ नका. टॅन जावा म्हणून मी लिंबाची फोड साखरेत बुडवून मानेवर घासली, वरवर धुतली आणि दुपारी बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी मान लाल, मग फोड, आणि नंतर तपकिरी डाग. तो जायला पावसाळा उजाडला. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की लिंबाच्या रसात आणि सालीत असे घटक असतात जे ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी करतात. सनस्क्रीनही घरी बनवायला जाऊ नका. खोबरेल तेलाने ऊन अडत नाही. सनस्क्रीन विकतचंच घ्यावं.

मी आता फक्त मुलतानी माती आणि गुलाबपाणी लावते, आठवड्यातून एकदा. कडकडीत वाळू द्यायची नाही. कडा फिक्या पडायला लागल्या की ओल्या हाताने काढायची, नाहीतर चेहरा ओढला जातो.

वेंगुर्ल्याहून

आमच्याकडे सुरंगीच्या फुलांचा हंगाम होळीच्या आगेमागे. कळ्या पानांआड फांदीलाच झुबक्यांनी लागतात, उमलायच्या आत काढाव्या लागतात. सकाळी आई आणि मी ओटीवर बसून वळेसार, म्हणजे गजरे, करतो. अबोलीला रंग आहे, वास नाही. सुरंगीला दोन्ही. दुपारी केसांतला वळेसार सुकतो, पण वास जात नाही. मी तो टाकत नाही, मलमलच्या चिंधीत बांधून साड्यांच्या घडीत ठेवते. परवा गणपतीतली साडी काढली तर कपाटातून मार्च महिन्याचा वास आला.